सायकोसिसचा धोका लवकर ओळखण्यासाठी फोनमधलं अ‍ॅप: कसं निवडावं, काय नोंदवावं, कुणाला दाखवावं

सायकोसिस, म्हणजे खरं काय आणि भास काय यातला फरक सुटण्याची मानसिक अवस्था, सहसा एका रात्रीत उभा राहत नाही. कुणी नसताना आवाज ऐकू येणं, सगळे आपल्यावर टपून आहेत अशी पक्की खात्री बसणं, बोलण्यातली संगती सुटणं ही झाली उघड लक्षणं. त्याआधी बहुतेकांच्या बाबतीत काही महिने, कधी काही वर्षं बारीकसारीक बदल चालू असतात. झोप बिघडते. मित्रांचे फोन उचलणं बंद होतं. अभ्यासात किंवा कामात मन लागत नाही. अनोळखी माणसाच्या साध्या हसण्यातही आपल्याविषयी काहीतरी आहे असं वाटू लागतं. घरचे म्हणतात, वयच तसं आहे. आणि ज्याला हे होतंय तो लाजेने किंवा भीतीने गप्प राहतो. मग पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञ गाठेपर्यंत बराच काळ हातातून गेलेला असतो. उपचाराविना गेलेला हा काळ जितका लांबतो तितकं पुढचं सावरणं जड जातं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

फोन इथे कामाला येतो, पण जाहिरातीत सांगतात तसा नाही. माझ्या मते अ‍ॅप ही एक तारीखवार वही आहे. ती वाचणारा जाणकार माणूस समोर असेल तर डॉक्टरांच्या "हे कधीपासून होतंय?" या पहिल्याच प्रश्नाचं नेमकं उत्तर मिळतं आणि काही आठवडे वाचतात. वाचणारं कुणीच नसेल तर तीच वही भरता भरता माणूस स्वतःवर पहारा ठेवू लागतो. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये माणूस आधी आहे आणि अ‍ॅप त्यानंतर.

आधी हे वाचा: अ‍ॅप बाजूला ठेवायची वेळ

जीव द्यावासा वाटतोय, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा कर असं आवाज सांगतोय, दोन-तीन रात्री जवळजवळ झोपच नाही आणि विचार थांबत नाहीत, कुणीतरी विष घालतंय या भीतीने खाणंपिणं सोडलंय, किंवा आजवर कधीच नव्हता असा गोंधळ ताप, डोक्याला मार, झटका किंवा एखादं औषध घेतल्यानंतर सुरू झालाय, यातलं काहीही असेल तर नोंदी करत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठा किंवा आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. शेवटच्या प्रकारात तर आधी शरीराची तपासणी लागते, कारण मेंदूचा संसर्ग किंवा औषधाचा परिणामही हुबेहूब सायकोसिससारखा दिसू शकतो.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अशी लक्षणं दिसली, तर तीही तातडीचीच समजा.

'धोका' म्हणजे नेमकं काय

१९९० च्या दशकात मेलबर्नमध्ये मानसोपचारतज्ज्ञ पॅट्रिक मॅकगोरी, अ‍ॅलिसन युंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकोसिसच्या आधीच्या अवस्थेचे निकष बांधले. आज जगभर वापरात असलेले निकष त्याच धर्तीवर आहेत. त्यात ढोबळमानाने तीन गट येतात. पहिल्या गटातल्या व्यक्तीला सौम्य लक्षणं असतात: संशय येतो पण आपण चुकत असू हेही कळतं, आवाज आल्यासारखा वाटतो पण खात्री नसते. बहुतेक लोक याच गटात असतात. दुसऱ्या गटात पूर्ण लक्षणं येतात, पण आठवड्याच्या आत आपोआप ओसरतात. तिसऱ्या गटात आईवडील किंवा सख्ख्या भावंडाला सायकोसिस झालेला असतो आणि शिवाय स्वतःचं रोजचं जगणं गेल्या वर्षभरात स्पष्टपणे ढासळलेलं असतं. नुसता घरात आजार असणं पुरेसं नाही.

या निकषांत बसलेल्या सगळ्यांनाच पुढे सायकोसिस होतो का? नाही. २०१२ मध्ये संशोधक पाओलो फुसार-पोली आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हे प्रमाण एका वर्षात २२ टक्के आणि तीन वर्षांत ३६ टक्के निघालं. पुढे अधिक अभ्यास जमा झाल्यावर तीन वर्षांचा आकडा २५ टक्क्यांच्या आसपास आला. म्हणजे चारातल्या तिघांना त्या काळात सायकोसिस होत नाही. तरीही त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना नैराश्य किंवा चिंता असते, आणि त्यासाठी मदत लागतेच.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करू, कारण त्यापायी लोक महिनोन्महिने थांबतात. डॉक्टरकडे गेलं की लगेच आयुष्यभराच्या गोळ्या सुरू होतील ही ती भीती. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की केवळ धोका आहे म्हणून, तो टाळण्यासाठी, सायकोसिसविरोधी औषधं देऊ नयेत. त्याऐवजी बोलण्याची थेरपी द्यावी, म्हणजे विचार आणि वागणुकीवर काम करणारी सीबीटी. सोबत कुटुंबाला समजावणं आणि चिंता किंवा नैराश्य असेल तर त्यावर उपचार.

पायरी १: नोंद वाचणारा माणूस ठरवा

नॉर्वेतल्या रोगालँड भागात १९९७ पासून एक प्रयोग झाला. वर्तमानपत्रं, रेडिओ, शाळांमधून लोकांना सायकोसिसची सुरुवातीची लक्षणं सांगितली आणि कुणालाही थेट फोन करता येईल अशी तपासणी पथकं उभी केली. त्या भागात पहिल्यांदा उपचार मिळेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या लोकांना ज्याच्या आत उपचार मिळतात तो) ५ आठवड्यांवर आला. तुलनेसाठी निवडलेल्या, अशी मोहीम नसलेल्या भागांत तो १६ आठवडे होता. पुढे जाहिराती थांबल्या, पथकं मात्र चालूच राहिली, तरी हा काळ पुन्हा १५ आठवड्यांपर्यंत चढला. तेव्हा स्मार्टफोन नव्हतेच. यातून घ्यायचं ते इतकंच, की लक्षण ओळखता येणं आणि ते घेऊन जायला एक उघडा दरवाजा असणं, दोन्ही एकाच वेळी लागतं. अ‍ॅपमुळे पहिलं जमेल. दुसरं तुम्हालाच लावून घ्यायचं आहे.

म्हणून अ‍ॅप शोधण्याआधी दोन माणसं ठरवा. एक जाणकार: मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. जवळपास कुणी नसेल तर नेहमीचे डॉक्टर किंवा कॉलेजचे समुपदेशक, जे पुढे पाठवू शकतील. दुसरा घरातला किंवा मित्रांमधला असा एक जण, ज्याला मध्यरात्री फोन केला तरी तो वाद घालणार नाही. तज्ज्ञांची भेट पुढच्या महिन्यातली मिळाली तरी ती आजच घ्या. मधले आठवडे नोंदींसाठी हाताशी येतात.

तज्ज्ञांना पहिल्या फोनवर एवढंच विचारा: मी रोज थोड्या नोंदी ठेवणार आहे, त्या तुम्ही भेटीत पाहाल का, आणि दोन भेटींच्या मध्ये काही बिघडलं तर कुणाला कळवायचं? "अ‍ॅपमध्ये लिहिलं की त्यांना कळेल" असं गृहीत धरू नका. बहुतेक अ‍ॅपमागे चोवीस तास कुणीही बसलेलं नसतं.

पायरी २: अ‍ॅप निवडा

या क्षेत्रातली अ‍ॅप्स साधारण तीन जातींची असतात. काही फक्त नोंद घेतात: दिवसातून एक-दोनदा प्रश्न विचारतात आणि आलेख काढतात. काही थेरपीतले धडे देतात: संशय आला तर पुरावा कसा तपासायचा, आवाजाशी कसं वागायचं. आणि काही फोनच्या सेन्सरवरून हालचाल, झोप, स्क्रीनचा वापर आपोआप टिपतात.

संशोधनात वापरलेली बरीच अ‍ॅप्स सर्वांना डाउनलोड करता येत नाहीत, क्लिनिकमार्फतच मिळतात. मँचेस्टरचं 'अ‍ॅक्टिसिस्ट' सीबीटीवर आधारलेलं आहे आणि पहिल्या सायकोसिसनंतरच्या रुग्णांसाठी आहे. ऑस्ट्रेलियातल्या ओरिजन संस्थेच्या 'होरायझन्स'मध्ये थेरपी, तज्ज्ञांची देखरेख आणि आपल्यासारख्याच इतरांशी गप्पा असं तिन्ही आहे. त्याच्या मोठ्या चाचणीत सामाजिक जीवन सुधारण्याचा मुख्य हेतू साधला नाही, पण आपत्कालीन विभागात जाण्याचं प्रमाण मात्र कमी झालं. झुरिकचं 'रॉबिन' खास सौम्य लक्षणं असलेल्या किशोरांसाठी, चालू थेरपीला जोड म्हणून बनवलं आहे. बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयातल्या गटाचं 'माइंडलॅम्प' मुक्त स्रोत आहे. ते बोस्टनबरोबर बंगळुरू आणि भोपाळमध्येही स्किझोफ्रेनियाच्या (दीर्घकाळ चालणाऱ्या, सायकोसिसची लक्षणं असलेल्या आजाराच्या) रुग्णांसोबत वापरून पाहिलं गेलं आहे. तुमच्या तज्ज्ञांकडे यातलं किंवा यासारखं काही असेल तर तेच घ्या, दुसरं शोधत बसू नका.

नसेल, तर साधं मूड-डायरीचं अ‍ॅपही चालतं, आणि फोनमधलं नोट्सचं अ‍ॅपही. खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना मी नोट्सच सुचवेन. त्यात दिखाऊ काही नसतं, ते कुणाला विकलं जाण्याची शक्यता कमी आणि पानाचा स्क्रीनशॉट डॉक्टरांना सहज दाखवता येतो.

दुसरं अ‍ॅप घेणार असाल तर अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या चौकटीचा क्रम उपयोगी पडतो: आधी ते कुणी बनवलं, मग गोपनीयता, मग त्यामागे काही वैद्यकीय आधार आहे का, मग वापरायला सोपं आहे का, आणि शेवटी माहिती डॉक्टरांपर्यंत नेता येते का. गोपनीयतेत नापास झालेल्या अ‍ॅपचे पुढचे गुण पाहायचीच गरज नाही. ही नुसती शंका नव्हे. २०२२ मध्ये मोझिला फाउंडेशनने मानसिक आरोग्य आणि प्रार्थनेची ३२ अ‍ॅप्स तपासली, त्यातल्या २८ अ‍ॅप्सवर गोपनीयतेबाबत इशारा द्यावा लागला. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'बेटरहेल्प' या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर कारवाई केली. वापरणाऱ्यांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट अशांना दिल्याचा आरोप होता आणि प्रकरण ७८ लाख डॉलरवर मिटलं.

इन्स्टॉल करण्याआधी दहा मिनिटं काढून हे पाहा:

- स्टोअरच्या पानावर डेटा सुरक्षेचा भाग उघडा. "तृतीय पक्षांना दिला जातो" याखाली आरोग्याची माहिती दिसली तर तिथेच सोडा.
- नोंदी पीडीएफ किंवा फाइल म्हणून बाहेर काढता येतात का? येत नसतील तर त्या तुमच्या नाहीतच.
- खातं आणि डेटा पूर्ण पुसण्याची सोय आहे का?
- शेवटचं अपडेट कधीचं? दोन वर्षं हात न लावलेलं अ‍ॅप नको.
- "तुम्हाला स्किझोफ्रेनिया आहे का ते दोन मिनिटांत जाणून घ्या" असं लिहिलं असेल तर पुढे वाचूही नका.

पायरी ३: फोनची मांडणी करा

अ‍ॅपला वेगळा पिन किंवा बोटाचा ठसा लावा. लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशनचा मजकूर दिसणार नाही असं सेटिंग करा. "आज आवाज ऐकू आले का?" ही ओळ वर्गात किंवा मीटिंगमध्ये स्क्रीनवर चमकली, तर माणूस त्याच दिवशी अ‍ॅप काढून टाकतो. संपर्क, मायक्रोफोन, कॅमेरा या परवानग्या नाकारा. नोंदी ठेवायला त्यांची गरज नसते. फोटो आणि नोट्सचा बॅकअप घरातल्या सामाईक खात्यावर जातोय का, हेही एकदा तपासा.

आठवणीची घंटा दिवसातून दोनदाच: एक झोपण्यापूर्वी, एक सकाळी. संशोधनात दिवसाला आठ-दहा वेळा विचारतात, पण ते आठवडाभरापुरतं असतं. रोजच्या आयुष्यात इतकं कुणी टिकवत नाही. मानसिक आरोग्याच्या अ‍ॅप्सचा वापर तपासणाऱ्या २०१९ च्या एका अभ्यासात महिन्याभरानंतर अ‍ॅप उघडणारे सुमारे ३ टक्केच उरले होते. म्हणून सुरुवातीलाच कमी ठेवा. भरायला दोन मिनिटांहून जास्त लागत असेल तर प्रश्न कमी करा.

पायरी ४: काय लिहायचं

सगळ्या लेखातला महत्त्वाचा भाग हाच, म्हणून इथे थोडं थांबू.

नुसतं "आज वाईट वाटलं" किंवा तीनपैकी एका चेहऱ्यावर बोट ठेवणं डॉक्टरांच्या फारसं कामाचं नसतं. धोक्याची तपासणी करणाऱ्या मुलाखतीत तज्ज्ञ प्रत्येक अनुभवाबद्दल तेच तेच विचारतात: तो किती तीव्र होता, किती वेळा आला, किती वेळ टिकला, त्याचा त्रास किती झाला, त्यावर विश्वास किती बसला, आणि त्यामुळे तुम्ही काय केलंत. तुमची नोंद याच प्रश्नांची उत्तरं देणारी हवी. नमुना असा:

*मंगळवार, रात्री ११.४०. जिन्यात दोघं बोलत होते. माझं नाव घेतलं असं वाटलं. खात्री १० पैकी ७. त्रास ६. दार उघडलं नाही, दिवा बंद करून बसलो, साधारण अर्धा तास. कालची झोप ४ तास. गांजा नाही.*

*बुधवार, सकाळी ९. कालचं आता आठवलं तर खात्री २. वरच्या मजल्यावरचे असतील.*

या दोन नोंदींमध्ये जाणकाराला बरंच दिसतं. अनुभव आवाजाचा आहे, पण प्रत्यक्ष बोलण्याचा चुकीचा अर्थ लावलेला असू शकतो. झोप कमी झाल्याच्या दुसऱ्या रात्री तो आला. वागण्यावर परिणाम झाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सकाळपर्यंत खात्री ७ वरून २ वर उतरली, म्हणजे स्वतःच्या समजुतीवर शंका घेण्याची ताकद शाबूत आहे.

आता चार आठवड्यांनंतरची नोंद अशी आली असं समजा: *रात्री खात्री ८. सकाळी ८.* त्रासाचा आकडा कदाचित खालीही आला असेल, कारण माणसाला "आता कळलं काय चाललंय" असा एक विचित्र दिलासा मिळतो. त्रास कमी झाला म्हणून घरचे खूश होतात. पण रात्रीच्या आणि सकाळच्या खात्रीतलं अंतर मिटणं ही धोक्याची खूण आहे. मूडचे आलेख काढणाऱ्या बहुतेक अ‍ॅप्समध्ये हा आकडा नसतोच, म्हणून तो स्वतः लिहावा लागतो. तुम्ही एकच गोष्ट नोंदवणार असाल तर हीच नोंदवा.

याशिवाय रोज तीन गोष्टी, प्रत्येकी एका ओळीत. किती वाजता झोपलात आणि उठलात. घरच्यांखेरीज कुणाशी बोललात का. गांजा किंवा इतर काही घेतलं का. गांजाबद्दल खरं लिहा. रोज आणि कडक गांजा घेणाऱ्यांत सायकोसिसचं प्रमाण स्पष्टपणे जास्त आढळतं, आणि ही माहिती लपवली तर सगळ्या आलेखाचा अर्थ चुकतो. घरच्यांना ते दिसू नये असं वाटत असेल तर "ग" एवढंच अक्षर लिहा, डॉक्टरांना सांगा.

जे घडलं नाही तेही लिहा. "आज काहीच नाही" ही सुद्धा पूर्ण नोंद आहे. फक्त वाईट दिवस लिहिले तर महिन्याच्या शेवटी सगळा महिनाच वाईट गेल्यासारखा दिसतो.

अनुभवाचा अर्थ मात्र अ‍ॅपमध्ये लांबलचक उलगडत बसू नका. ते लोक कोण, त्यांचा हेतू काय, मागच्या महिन्यातल्या त्या गाडीशी याचा काय संबंध, असं लिहीत गेलं की नोंदच संशयाला खतपाणी घालते. एका अनुभवाला पाच ओळी, त्याहून जास्त नाही.

पायरी ५: सेन्सर चालू करावेत का

फोन न विचारताही खूप काही टिपू शकतो: दिवसभरात किती हिंडलात, रात्री किती वाजता स्क्रीन पेटली, किती फोन केले. २०१८ मध्ये हार्वर्डच्या गटाने 'बेइवे' या अ‍ॅपच्या मदतीने स्किझोफ्रेनिया असलेल्या १७ जणांचा असा डेटा पाहिला. आजार उलटण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत वागण्यातली अनियमितता इतर काळाच्या तुलनेत ७१ टक्के जास्त दिसली. आकडा लक्ष वेधतो, पण माणसं १७ आणि तीही आधीच आजारी. ज्यांना अजून सायकोसिस झालेलाच नाही त्यांच्याबद्दल यावरून भाकीत करता येत नाही. परीक्षेच्या आठवड्यात कुणाचाही फोन रात्री दोनला पेटतो आणि ताप आला की कुणीही घराबाहेर पडत नाही.

आणि दुसरी अडचण आकड्यांपलीकडची आहे. "माझ्यावर पाळत आहे" हीच ज्याची मुख्य भीती, त्याच्या खिशात आपण खरोखरच पाळत ठेवणारं यंत्र ठेवतो. काहींना त्याचं काहीच वाटत नाही, उलट लिहायचे कष्ट वाचले म्हणून बरं वाटतं. काहींची भीती मात्र दुसऱ्याच दिवशी दुप्पट होते. म्हणून माझा सल्ला असा: क्लिनिकच्या कार्यक्रमात असाल आणि डेटा कोण पाहतो हे समोरासमोर समजलं असेल तरच सेन्सर चालू करा. स्वतःच्या मनाने अ‍ॅप घेतलं असेल तर बंद ठेवा. झोप मोजायची असेल तर फोनचं किंवा घड्याळाचं साधं झोपेचं मोजमाप पुरे. तेही "झोप खराब झाली" असं रोज सकाळी ऐकवून उलट चिंता वाढवू लागलं तर काढून टाका. लोकेशन लागलंच तर "अ‍ॅप वापरताना" एवढीच परवानगी द्या.

चालू केल्यानंतर फोनकडे पाहायची भीती वाटू लागली, फोन उलटा ठेवावासा वाटला, कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावावीशी वाटली, तर सेन्सर लगेच बंद करा आणि ते का केलं हे तज्ज्ञांना सांगा.

पायरी ६: आठवड्यातून एकदाच वाचा, आणि कधी काय करायचं ते आधीच लिहून ठेवा

रोज आलेख उघडू नका. रविवार सकाळ किंवा जी वेळ शांत असेल ती ठरवा, शक्यतो पायरी १ मधल्या जवळच्या माणसासोबत. एका दिवसाचा उंचवटा सोडून द्या. सलग दोन आठवडे एकाच दिशेला सरकणारी रेषा पाहा.

बिघडल्यावर काय करायचं हे बिघडल्यावर ठरत नाही. तेव्हा सगळ्यात आधी विश्वासच जातो, अ‍ॅपवरचाही आणि माणसांवरचाही. म्हणून बरं असतानाच तज्ज्ञांसोबत बसून तीन ओळी लिहा आणि त्या अ‍ॅपच्या पहिल्या पानावर ठेवा. एका घरात त्या अशा असू शकतील:

*सलग तीन रात्री ५ तासांपेक्षा कमी झोप: ताईला सांगायचं, गांजा आणि रात्रीचा फोन बंद.*
*सकाळची खात्री आठवड्यात तीनदा ५ च्या वर: डॉक्टरांची भेट पुढे ओढून घ्यायची. फोन ताई करेल.*
*आवाज काही करायला सांगतोय, किंवा ताईवरही विश्वास उरला नाही: त्याच दिवशी रुग्णालय. मी नको म्हटलं तरी.*

आकडे तुमचे वेगळे असतील. शेवटची ओळ मात्र तुमच्याच हस्ताक्षरात कागदावरही लिहून त्या माणसाला द्या. गरज पडली तर त्याच्या हातात तुमचाच शब्द असतो.

स्कॉटलंड आणि ऑस्ट्रेलियात झालेल्या 'एम्पॉवर' चाचणीत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी हीच रचना होती: अ‍ॅप रोज विचारणार, उत्तरं बदलली तर प्रशिक्षित माणूस फोन करून बोलणार, गरज वाटली तर उपचार करणाऱ्या टीमला कळवणार. घंटा यंत्राने वाजवायची, निर्णय माणसाने घ्यायचा.

पायरी ७: भेटीत एक पान न्या

तीस दिवसांच्या नोंदी डॉक्टर वाचणार नाहीत. वेळच नसतो. एका पानावर एवढं लिहा: बदल पहिल्यांदा कधी जाणवला, महिन्यात असे अनुभव किती दिवस आले, सगळ्यात वाईट दोन नोंदी जशाच्या तशा, सकाळच्या खात्रीचा कल, झोपेची सरासरी, नशा, घरात कुणाला असा आजार, आणि या महिन्यात काय सुटलं, म्हणजे कॉलेजचे तास, काम, खेळ, अंघोळ. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. धोका ठरवताना रोजच्या जगण्यातली घसरण लक्षणांइतकीच मोजली जाते.

मूळ नोंदी फोनमध्ये असू द्या. विचारलं तर दाखवता येतात. बोलायला जीभ उचलत नसेल तर ते पान पुढे सरकवलं तरी चालतं. कितीतरी जणांची पहिली भेट अशीच सुरू होते.

ऑनलाइन चाचण्या आणि चॅटबॉट

पीक्यू-१६ नावाची १६ प्रश्नांची यादी खरोखर वापरात आहे. नेदरलँड्समध्ये ती मानसिक आरोग्याची मदत मागायला आलेल्या लोकांसाठी तयार झाली. सहा किंवा जास्त "हो" आले तर सविस्तर मुलाखत घ्यावी, एवढाच तिचा अर्थ. घरबसल्या भरली की काय होतं ते एका काल्पनिक हिशेबाने पाहा. समजा १००० तरुणांनी एखादी चाचणी भरली आणि त्यातल्या १० जणांना पुढे खरंच सायकोसिस होणार आहे. चाचणीने त्यातले ८ बरोबर पकडले, पण उरलेल्या ९९० पैकी १५ टक्के, म्हणजे जवळजवळ १४९ जणांनाही चुकून "धोका" दाखवला. १५७ घाबरलेल्या लोकांमध्ये खरे ८. तेव्हा आकडा जास्त आला तर घाबरू नका, भेट घ्या. कमी आला पण त्रास आहे, तरीही भेट घ्या.

चॅटबॉटबद्दल मी जास्त कडक आहे. डॅनिश मानसोपचारतज्ज्ञ सोरेन ऑस्टरगार्ड यांनी २०२३ मध्येच प्रश्न उपस्थित केला होता की अशा गप्पांमुळे सायकोसिसकडे झुकणाऱ्या लोकांच्या भ्रमांना बळ मिळेल का. २०२५ च्या एप्रिलमध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीचं एक अपडेट मागे घ्यावं लागलं, कारण ते वापरणाऱ्याच्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलवत होतं. भेटीसाठीचं पान नीटनेटकं करायला चॅटबॉट वापरा, हरकत नाही. "हे लोक खरंच माझ्या मागे आहेत का?" हा प्रश्न मात्र त्याला विचारू नका. तो रात्रभर न थकता बोलत राहतो, आणि नेमकं तेव्हा झोपणं जास्त गरजेचं असतं.

घरच्यांसाठी

मुलाच्या फोनमध्ये गुपचूप पाळतीचं अ‍ॅप टाकू नका. ते सापडलं की त्याचा संशय खरा ठरतो आणि तुम्ही कायमचे त्याच्या संशयितांच्या यादीत जाता. नोंदी पाहायच्या असतील तर विचारून, आणि तो दाखवेल तेवढ्याच. स्वतःची वेगळी नोंद ठेवा: तारीख, काय पाहिलं, बस. "विचित्र वागला" असं लिहू नका. "रात्री तीनला सगळे चार्जर सॉकेटमधून काढून ठेवले" असं लिहा.

बोलायला सुरुवात करताना लक्षणाचं नाव घेऊ नका. आईने "अरे, गेले तीन आठवडे तू पहाटेपर्यंत जागा असतोस, जेवणही खोलीतच नेतोस. मला काळजी वाटतेय. काय होतंय ते सांगशील?" एवढं म्हणावं आणि गप्प बसावं. तो म्हणाला की शेजारी भिंतीतून ऐकतात, तर "असलं काही नसतं, मनाचे खेळ आहेत तुझे" म्हणून वाद घालू नये, आणि होला होही लावू नये. "मला ते ऐकू येत नाही, पण तुला भीती वाटतेय हे दिसतंय. दोन दिवस झोपच नाही झाली ना? त्यासाठी तरी डॉक्टरांना भेटू या." झोपेसाठी, डोकेदुखीसाठी, अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून भेट घेणं बहुतेकांना पटतं.

अ‍ॅप कधी बंद करायचं

तज्ज्ञांनी सांगितलं तर अर्थातच. त्याशिवाय, नोंद केल्यावर दर वेळी भीती वाढत असेल, दिवसातून दहादा अ‍ॅप उघडून स्वतःला तपासत असाल, किंवा अ‍ॅपच आपल्याशी खुणेने बोलतंय असं वाटू लागलं तर. पहिल्या दोन्हींत आठवडाभर सुट्टी घेऊन पाहा. तिसऱ्यात त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

आणि सगळं बरं चाललं असेल तर? तीन-चार महिने रेषा सपाट राहिली की रोजच्या ऐवजी आठवड्यातून एकदा, मग फक्त झोप बिघडली किंवा मोठा ताण आला तेव्हा. पूर्ण थांबताना आधी नोंदी फाइल म्हणून बाहेर काढून पासवर्ड लावून ठेवा, कारण दोन वर्षांनी पुन्हा गरज पडली तर जुनी सुरुवात कशी झाली होती हे त्यातच असेल. मग अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन खातं हटवा, तशी पुष्टी करणारी ईमेल येईपर्यंत थांबा, आणि त्यानंतर अ‍ॅप अनइन्स्टॉल करा. उलट क्रमाने केलंत तर फोन रिकामा होतो, पण कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या नोंदी तशाच पडून राहतात.